श्री. आर्व्हिल पेनलंड यांना शुक्रवारी पिस्तुलाचा परवाना देऊ नये म्हणून

प्रति,
मा. शेरीफसाहेब,
लॉरेल फोर्क काउंटी,
कोर्टाची इमारत, तळमजला,
मु. स्प्रूस गॅप, नॉर्थ कॅरोलायना.

अर्जदार : डेल्मस लेडफोर्ड, वय ६७, नोकरी – बर्ल्सन हार्डवेअर अँड फीड, पिस्तुलांचे काउंटर.

विषय : श्री. आर्व्हिल पेनलंड, वय ७१, रा. स्टोनी रिज, यांचा पिस्तूल-खरेदीचा परवाना रोखून धरण्याबाबत.

संदर्भ : १) श्री. पेनलंड यांचा आपल्या कार्यालयातील दि. ७ नोव्हेंबर २०१४ चा अर्ज.
२) अर्जदाराचे यापूर्वीचे एकोणीस अर्ज (ते कृपया विचारात घेऊ नयेत).

महोदय,

१. सविनय निवेदन की, अर्जदार गेली बावीस वर्षे वरील दुकानात पिस्तुलांच्या काचेच्या कपाटामागे उभा आहे. अर्जदार संशयी आहे ही गोष्ट गावात जगजाहीर आहे आणि अर्जदारास ती नाकबूल नाही. हत्यारे विकणाऱ्याने संशय घ्यायचा नाही, तर काय पेढेवाल्याने घ्यायचा? नवे पाद्रीबाबा महिन्याला तीन पेट्या काडतुसे नेतात, हे अर्जदारानेच आपल्या निदर्शनास आणले होते. उजव्या हाताचा माणूस पिस्तुलाचे डाव्या हाताचे म्यान का नेतो, हाही अर्जदाराचाच अर्ज. त्या गृहस्थाच्या उजव्या खांद्याची शस्त्रक्रिया झाली होती असे तपासात निघाले आणि आपले डेप्युटी अर्जदाराच्या तोंडावर हसले. हसोत. 'लांडगा आला रे आला' म्हणणाऱ्या पोराची गोष्ट सगळे सांगतात, पण त्या गोष्टीत शेवटी लांडगा खरोखरच आला होता, हे सोयीस्करपणे विसरतात.

२. श्री. पेनलंड हे स्टोनी रिजवर नाताळासाठी लागणारी फरची झाडे लावतात. त्यांच्या पत्नी इमोजीनबाई गेल्या जूनमध्ये वारल्या. सेहेचाळीस वर्षांचा संसार होता. बाईंचा स्वभाव गोड आणि श्री. पेनलंड यांचा विचारूच नये. ते गेली अकरा वर्षे दर शनिवारी सकाळी दहाच्या ठोक्याला अर्जदाराच्या काउंटरवर येत आले आहेत. कामाचे स्वरूप एकच : परवडेल असे एक सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल निवडणे.

३. या निवडीबाबत थोडे सविस्तर लिहिणे भाग आहे, कारण सगळे प्रकरण त्यावरच उभे आहे. आमच्याकडे कोणी पिस्तूल मिठाच्या पुड्यासारखे उचलून नेत नाही. माणूस आधी मूठ तळव्यात बसते का पाहतो. मग स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे ओढून पाहतो. श्री. पेनलंड यांच्या अंगठ्याला संधिवात, त्यामुळे स्लाइड हलकी हवी. चाप किती जड, गोळ्या किती मावतात, काडतुसे आपल्याच दुकानात मिळतात की शेजारच्या काउंटीत धावावे लागते, हे सगळे झाल्यावर कॅलिबरचा, म्हणजे गोळीच्या जाडीचा प्रश्न येतो. तिथे मात्र सख्खे भाऊ वैरी होतात. श्री. पेनलंड कट्टर पंचेचाळीसवाले, म्हणजे जाड गोळीचे. अर्जदार नऊ एमएमवाला, बारीक गोळीचा. नऊची काडतुसे स्वस्त, धक्का कमी, म्हाताऱ्या मनगटाला झेपणारी. ही अर्जदाराची बाजू. त्यावर श्री. पेनलंड यांचे शब्द असे : "डेल्मस, नऊची गोळी लागली तर माणूस मागे वळून विचारतो, कोण रे, हाक मारलीस का?" यावर जमलेली मंडळी हसायची. अर्जदार हसत नसे. अर्जदार म्हणे, "आणि पंचेचाळीस उडवलीस की तुझा अंगठा तुझ्याआधी घरी पोचेल." असे अकरा वर्षे.

त्यांच्या खिशात एक घडीचा कागद असे. त्यावर अटी. तीनशे डॉलरच्या आत हवे, ही पहिली अट. तीनशेच्या आतले निघाले की अट अडीचशेवर यायची. अडीचशेचे दाखवले की मूठ लाकडी हवी. लाकडी मुठीचे एकदा मुद्दाम मागवले, तर म्हणाले, "रंग जरा लालसर आहे, नाही का?" अर्जदाराने त्या दिवशी रागाने कपाटाला कुलूप लावले. पुढच्या शनिवारी गृहस्थ पुन्हा हजर. सुंभ जळेल पण पीळ जळायचा नाही, असा माणूस.

४. आता घटना. गुरुवार दि. ६ नोव्हेंबर रोजी (गुरुवार, शनिवार नव्हे, याची नोंद घ्यावी) श्री. पेनलंड दुपारी तीनला आले. कपाटाच्या टोकाचे पहिले पिस्तूल बोटाने दाखवून म्हणाले, "हे दे."

अर्जदार म्हणाला, "ते नऊचं आहे."

"असू दे."

"हातात तरी घेऊन बघ."

"काय बघायचंय? चालतं ना?" आणि मग ते म्हणाले, "तुझंच खरं होतं, डेल्मस. नऊच बरं."

महोदय, अकरा वर्षे अर्जदाराने या वाक्याची वाट पाहिली होती. ते ऐकल्यावर काय काय बोलायचे, हे आंघोळ करताना पाठ केले होते. त्यातले एक अक्षर आठवेना. त्यांनी किंमत विचारली नाही, स्लाइड ओढली नाही, कागद काढला नाही. काडतुसांच्या किती पेट्या, असे विचारल्यावर म्हणाले, "एक. एक पुष्कळ झाली." दुसऱ्या दिवशी त्यांनी आपल्याकडे परवान्याचा अर्ज दिला. दुकानाच्या रिवाजाप्रमाणे पिस्तुलाला त्यांच्या नावाची चिठ्ठी बांधून ते मागच्या खणात कुलुपात ठेवले आहे. परवाना दाखवला की माल हवाली करायचा. परवाना देण्याची आपली चौदा दिवसांची मुदत शुक्रवारी दि. २१ रोजी पुरी होते. आज बुधवार आहे.

५. अर्जदाराच्या मनात पाल चुकचुकली, पण प्रामाणिकपणे सांगायचे तर आधी चुकीच्याच भिंतीवर चुकचुकली. प्रथम वाटले की गड्याने अर्जदाराची फजिती करण्याचा बेत केला आहे, आणि शनिवारी चार टवाळ घेऊन येऊन "फसला रे फसला" म्हणणार. अर्जदार शनिवारी दाढी करून तयार राहिला. कोणी आले नाही. मग वाटले, शेजारच्या काउंटीतल्या गहाणवटीच्या दुकानदाराने आमचे भाव काढायला पाठवले असेल. पण भाव तर त्यांनी विचारलाच नव्हता. मग वाटले, म्हातारपणी एखादी बाई भेटली असेल आणि तिला द्यायचे असेल. या संशयाची अर्जदारास आता लाज वाटते.

६. नंतर कानावर आलेल्या गोष्टी क्रमाने देत आहे, कारण एकेक सुटी घेतली तर कोणीही हसेल.

श्री. पेनलंड यांनी आपली प्लॉट जातीची कुत्री पाद्रीबाबांना देऊन टाकली. ऐन अस्वलांच्या शिकारीच्या हंगामात, साहेब! आमच्या डोंगरात माणूस हंगामात बायको माहेरी पाठवील पण प्लॉट कुत्री देणार नाही.

अकरा वर्षांपूर्वी बर्ल्सनच्या गोदामातून नेलेली ओढसाखळी त्यांनी तेल लावून, पुसून परत आणली. या माणसाने आजवर कोणाचे काहीही परत केलेले नाही. मालकीणबाई मिस कॉरीन खूश झाल्या. अर्जदार झाला नाही.

दर वर्षी या दिवसांत ते वसंतात लावायच्या फरच्या रोपांची मागणी आमच्याकडे नोंदवतात. यंदा दुकानातल्या मुलीने आपण होऊन फोन केला, तर म्हणाले, "नको ग पोरी. दहा वर्षांनी तोडायची झाडं. लावायची कुणासाठी?"

७. रविवारी दि. १६ रोजी अर्जदार स्वतः स्टोनी रिजवर गेला. अकरा वर्षांत त्या घराची पायरी अर्जदार कधी चढला नव्हता. आमची ओळख काउंटरच्या दोन बाजूंची. श्री. पेनलंड बाहेर आले, कॉफी दिली, मक्याच्या पावाचा तुकडा पुढे केला. घर लख्ख झाडलेले. अर्जदार म्हणाला, यंदा थंडी लवकर पडली. ते म्हणाले, हो. अर्जदार मुद्दाम म्हणाला, यंदाचे फुटबॉलचे पोरगे अगदीच भिकार खेळतात. त्यांचा नातू त्या संघात आहे, तरी ते म्हणाले, खरं आहे. साहेब, जो माणूस आज शनिवार आहे म्हटले तर "कशावरून?" म्हणायचा, तो सगळ्याला हो म्हणत होता, आणि तेही इतक्या मायेने की अर्जदारास तिथे बसवेना. जे विचारायला गेलो होतो ते विचारले नाही. आमच्याकडे पुरुष पुरुषाला असले विचारीत नाही. ट्रकच्या गिअरबद्दल विचारतो. अर्जदाराने ट्रकच्या गिअरबद्दल विचारले आणि परत आला.

घरी येऊन त्यांच्या मुलीला ओहायोत फोन लावला. ती म्हणाली, "अहो, बाबा उलट कितीतरी बरे आहेत! परवा माझ्या मांजराचीही चौकशी केली. आईनंतर पहिल्यांदाच इतके शांत वाटले." अर्जदाराने तिला अधिक काही सांगितले नाही. ही चूक झाली. आज सकाळी पुन्हा फोन करून सर्व सांगितले आहे आणि ती निघाली आहे, पण वाट लांबची आहे.

८. सोमवारी दि. १७ रोजी अर्जदार आपल्या कार्यालयात हजर झाला. खिडकीवरच्या मिस ट्रीसा यांनी पाहताक्षणी विचारले, "मिस्टर डेल्मस, आज कोण?" अर्जदाराने नाव सांगितले. त्यांनी नियमाप्रमाणे प्रश्न केले.

"खटला आहे का त्यांच्यावर?"

"नाही."

"पितात?"

"इमोजीननं कधी थेंब शिवू दिला नाही."

"कधी डोक्याच्या दवाखान्यात?"

"नाही."

"मग परवाना नाकारायचा कशाच्या जोरावर? ते तुमच्याशी सहमत झाले म्हणून?"

मागे रांगेत तिघे उभे होते, ते खो खो हसले. मिस ट्रीसा मनाने वाईट नाहीत. पण त्यांनी अर्जदाराची फाईल काढली आणि सन २००६ मधला अर्जदाराचा सातवा अर्ज मोठ्याने वाचला : 'एक इसम दर शनिवारी दहा वाजता येतो, सर्व पिस्तुले हाताळतो, भाव विचारतो व काहीही न घेता जातो. सबब सदर इसम चोरांकरिता टेहळणी करीत असावा. इसमाचे नाव आर्व्हिल पेनलंड.'

"तेव्हा घेत नाहीत म्हणून तक्रार, आता घेतायत म्हणून तक्रार," त्या म्हणाल्या. "मिस्टर डेल्मस, तुमचं म्हणणं तरी काय आहे?"

रांगेतल्या माणसांपुढे अर्जदारास उत्तर देता आले नाही. ते पुढील परिच्छेदात देत आहे. हा परिच्छेद साहेबांनी स्वतः वाचावा, खिडकीवर वाचून दाखवू नये.

९. सन २००३ च्या सप्टेंबरात अर्जदाराचा मुलगा वेड, वय चोवीस, घाटाच्या वळणावर गाडी दरीत कोसळून वारला. त्यानंतर पाच आठवड्यांनी, एका शनिवारी, अर्जदाराने दुकान उघडले, कपाटातून नऊचे एक पिस्तूल काढले आणि चिठ्ठीवर स्वतःचे नाव लिहिले. हातात घेऊन पाहिले नाही. चालत होते, तेवढे पुरे होते. ते कोणासाठी होते हे साहेबांना फोडून सांगायला नको, पण अर्ज आहे म्हणून सांगतो : स्वतःसाठी. संध्याकाळी घरी नेणार होतो.

दहा वाजता श्री. पेनलंड करवतीची साखळी घ्यायला आले. तोवर आमची ओळख रस्त्यात मान हलवण्यापुरती. त्यांनी काउंटरवरचे पिस्तूल पाहिले, चिठ्ठीवरचे नाव वाचले, आणि मग अर्जदाराच्या तोंडाकडे पाहिले. पुष्कळ वेळ पाहिले असावे. मग म्हणाले, "नऊ? शहाण्या माणसानं नऊ घेतल्याचं मी तरी ऐकलं नाही बुवा."

अर्जदार म्हणाला, तुम्हाला काय करायचंय. ते म्हणाले, "करायचं काय, कीव येते." आणि जे सुरू झाले ते दुकान बंद होईपर्यंत. माणसे जमली. अर्जदाराने लष्कराचे दाखले दिले, त्यांनी आपल्या बापाच्या युद्धातल्या पंचेचाळीसचे दिले. ते अर्जदारास गाढव म्हणाले. पाच आठवड्यांत अर्जदाराचा आवाज कोणी ऐकला नव्हता, तो त्या दिवशी रस्त्यापलीकडे ऐकू जात होता, असे मिस कॉरीन अजून सांगतात. संध्याकाळी श्री. पेनलंड यांनी ते पिस्तूल आपल्या हाताने कपाटात ठेवले आणि म्हणाले, "हे राहू दे इथंच. पुढच्या शनिवारी लावू याचा निकाल. आणि निकाल लागेपर्यंत कुणी काही घ्यायचं नाही. ना तू, ना मी." करवतीची साखळी न घेताच गेले.

पुढच्या शनिवारी दहा वाजता आले. खिशात अटींचा कागद होता.

साहेब, अकरा वर्षे अर्जदाराने या माणसावर नाही नाही ते संशय घेतले. रिकामटेकडा म्हटले, कवडीचुंबक म्हटले, चोरांचा हेर म्हणून आपल्या दफ्तरी नाव लावले. त्याला पिस्तूल घ्यायचेच नव्हते, तो शनिवारी मी जिवंत आहे का एवढेच बघायला येत होता, हा एक संशय तेवढा मला आला नाही. तो सोमवारी आपल्या खिडकीपुढे, माझाच अर्ज मला वाचून दाखवला जात असताना आला. मी टोपी घालून बाहेर पडलो आणि ट्रकमध्ये बसून रडलो.

१०. वरील परिच्छेदात 'मी' असे आले आहे, तिथे 'अर्जदार' वाचावे.

११. अर्जदार माल देण्यास नकार देऊ शकतो, हे त्यास माहीत आहे. मिस कॉरीन यांचे म्हणणे आहे, "परवाना दाखवला की माल द्यायचा, डेल्मस. आपण दुकान चालवतो, चर्च नाही, आणि पेनलंडांना या दुकानानं कधी नाही म्हटलेलं नाही." मालकीणबाईंचे खाल्ले मीठ स्मरूनही अर्जदार त्यांच्या शब्दाबाहेर जाणार आहे. नोकरी गेली तर जावो. पण एकदा परवाना हातात पडला की तो कुठल्याही दुकानात चालतो. गहाणवटीच्या दुकानात तर तोंडाकडे कोणी पाहतच नाही. म्हणून अडवायचा तर कागदच अडवला पाहिजे, आणि तो आपल्या हातात आहे.

सबब नम्र विनंती की :

(अ) श्री. पेनलंड यांचा परवाना शुक्रवारी देऊ नये. कारण लिहावेच लागले तर हा अर्ज जोडावा. अर्जदाराची अब्रू गेली तरी हरकत नाही.

(आ) कायद्याने रोखता येत नसेल तर कागद हरवावा. आपल्या कार्यालयाने अर्जदाराचे तीन अर्ज आजवर सहज हरवले आहेत; जमणार नाही असे नाही.

(इ) गणवेशातला माणूस, दिव्याची गाडी, असले काही त्या घरी पाठवू नये. म्हाताऱ्याला शरम वाटेल आणि शरमेने तो आणखी मिटेल. काउंटीच्या दवाखान्यातल्या समुपदेशक बाई स्वतःच्या गाडीने येण्यास तयार आहेत. अर्जदाराने काल त्यांना विचारले आहे.

(ई) तोवर त्या घरी कोण, असा प्रश्न आपण विचाराल. अर्जदार. हा अर्ज मिस ट्रीसा यांच्या हातात देऊन अर्जदार तडक स्टोनी रिजवर जात आहे. या खेपेला थंडीबद्दल बोलणार नाही आणि गिअरबद्दलही नाही. "आर्व्हिल, तू जीव द्यायला निघालायस का?" असे तोंडावर विचारणार आहे. हो म्हणाला तर तिथेच बसणार, नाही म्हणाला तरी तिथेच बसणार, आणि हाकलले तर ओसरीवर बसणार. मुलगी पोचेपर्यंत आणि त्यानंतरही. दि. ६ रोजी श्री. पेनलंड यांनी नऊ एमएमच्या बाजूने जो निकाल दिला, तो त्यांनी एकट्याने, अर्जदारास न विचारता दिला आहे. तो निकाल अर्जदारास मान्य नाही.

आपला नम्र व संशयी,
(सही) डेल्मस लेडफोर्ड
स्प्रूस गॅप, बुधवार, दि. १९ नोव्हेंबर २०१४, सकाळी साडेनऊ

सोबत : बर्ल्सन हार्डवेअरच्या मागच्या खणाची किल्ली. दुसरी नाही. मिस कॉरीन मागायला आल्या तर त्यांना हा अर्ज वाचायला द्यावा आणि मगच किल्ली द्यावी.